निळा खंड्या फोटोत काळा का येतो? आधी ऊन बघा, लेन्सचं नंतर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वर्षापूर्वी क्रॉप सेन्सरची (म्हणजे लहान सेन्सरची) मिररलेस कॅमेरा बॉडी घेतली, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिमीच्या लेन्स. उजनी धरणाच्या काठी भिगवणला दोनदा, पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीत चार-पाचदा, पावसाळ्यात ताम्हिणी आणि कास, एवढं फिरून झालं, तरी खंड्याचा निळा काळपट येतो, फ्लेमिंगो मऊमऊ येतात, आणि ताम्हिणीचा हिरवा एकतर राखाडी नाहीतर प्लास्टिकच्या गवतासारखा दिसतो. मित्र म्हणतोय १५०-६०० घे, सगळं सुटेल. तर घेऊ का?

नका घेऊ. म्हणजे घ्या, पण पुढच्या वर्षी. आत्ता घेतलीत तर हेच काळपट खंड्ये जरा मोठे दिसतील, बाकी काही बदलणार नाही. मी स्वतः हेच केलेलं आहे म्हणून सांगते. २००८ पासून हे करतेय, पहिली चार वर्षं दर दिवाळीला काहीतरी नवीन सामान आणि फोटो तसेच्या तसे. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं ही गोष्ट वेगळी.

निळ्यापासून सुरू करते कारण तुमचा सगळ्यात मोठा घोळ तिथंच आहे. खंड्याच्या पाठीत निळा रंग नाहीच! गंमत नाही करत. हळद्या पक्ष्याच्या पिवळ्यात किंवा निखार पक्ष्याच्या लालभडकमध्ये खरोखरचं रंगद्रव्य असतं, पण खंड्या, नीलपंख, शीळकरी कस्तूर यांच्या पिसात निळं असं काही नसतं, पिसाची आतली रचनाच इतकी बारीक सच्छिद्र असते की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा तेवढा परत फिरतो आणि बाकीचा खालच्या काळ्या-तपकिरी थरात जिरतो. म्हणजे उजेड पुढून पडला आणि तुमच्याकडे परत आला तरच निळं. उजेड पक्ष्याच्या मागून येत असेल तर परत यायला काही उरतच नाही, राहतो तो खालचा तपकिरी.

हे मला पुस्तकातून नाही, सोलापूर रोडवर कळलं. गाडीची धडक बसून मेलेला एक नीलपंख कडेला पडला होता (तास, चास, नीळकंठ, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते, दसऱ्याला दिसला की शुभ मानतात तोच). त्याचं पंखातलं एक पीस सुटून बाजूला पडलेलं. हातात घेऊन सूर्याकडे धरलं तर मळकट तपकिरी, भिजलेल्या पालापाचोळ्यासारखं. तसंच हातात धरून मी पाठमोरी वळले, ऊन पिसावर पडलं, आणि एकदम असा निळा की नवरा गाडीतून म्हणाला, हे वेगळं आहे का? तेच होतं. पाच-सहा वेळा इकडून तिकडून फिरवून बघितलं आणि तिथंच ठेवून दिलं. त्या आधीचे माझे नीलपंखाचे शे-दोनशे फोटो डोळ्यासमोर आले, सगळे तारेवर बसलेले, मागे झगझगीत आभाळ, आणि पक्षी म्हणजे तारेला टांगलेला बटाटा.

तेव्हा आता तुमचे जुने फोटो उघडा आणि प्रत्येकात सूर्य कुठे होता ते आठवा. सावली कुठे पडलीय त्यावरून कळतंच. काळपट खंड्या म्हणताय ना, बघा, दहातल्या आठ फोटोंत ऊन पक्ष्याच्या मागे किंवा डोक्यावर असणार.

निळ्या पक्ष्यांना सकाळी आठच्या आतलं ऊन पाठीशी घेऊन काढा, नाहीतर सरळ ढगाळ दिवस निवडा. ढगाळ दिवसाला लोक उगाच नावं ठेवतात, उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे खंड्याचा निळा भरून येतो आणि पांढऱ्या छातीच्या खंड्याची छाती जळत पण नाही. सकाळी दहानंतरचं कडक ऊन मात्र टाळाच, त्यात पिसांवर पांढरी चकाकी येते आणि रंग धुतल्यासारखा होतो.

शिंजीर आणि मोराची तऱ्हा याहून अवघड. त्यांचा रंग कोनावर चालतो, तुम्ही, पक्षी आणि सूर्य एका ठराविक कोनात आले तरच गळा पेटतो. जांभळा शिंजीर नर तर नुसता काळा पक्षी वाटतो बघा, मग मान जराशी वळवली की क्षणभर जांभळा-हिरवा झगमगाट, की परत काळा. इथे लेन्स काय करणार? इथे सूर्य बरोबर पाठीमागे घ्यायचा, फोकस डोळ्यावर ठेवायचा आणि तो मान हलवायला लागला की बर्स्ट मारायचा, म्हणजे धडाधड सलग फोटो. तीसातला एक मिळतो. माझंही तेच प्रमाण आहे अजून.

रंगद्रव्यवाल्यांना उजेड मागून आला तरी चालतं, उलट कधीकधी तोच छान. रोहितचं म्हणजे फ्लेमिंगोचं उदाहरण घ्या. त्याचा गुलाबी खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव यांतून, म्हणून पिल्लं राखाडी असतात. पाण्यात उभा असताना मोठा रोहित तसा पांढराच, किंचित गुलाबी झाक, आणि लोक म्हणतात रंग आला नाही. अहो रंग मिटलेल्या पंखात आहे. पंख उघडले की आतला लाल आणि कडेचा काळा, अग्निपंख हे नाव काय उगाच पडलं का? आणि संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे असताना पंख पसरले तर त्यातून ऊन आरपार येतं आणि कंदिलासारखं दिसतं. खंड्याला जे ऊन मारतं तेच रोहितला तारतं. त्यामुळे 'सूर्य कायम पाठीशी' असा नियम कोणी सांगितला तर अर्धाच ऐका, आधी पक्षी कोणता ते विचारा.

लाल-पिवळ्यांत खड्डा वेगळा आहे. निखाराचा नर उन्हात काढला की कॅमेऱ्याचा लाल चॅनल भरून वाहतो, तुमचा साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) म्हणतो सगळं ठीक, आणि घरी येऊन बघता तर छातीवर पिसंच नाहीत, लाल रंगाचा एक डाग. आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा, चालू करा, लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) उणे १/३ ते उणे २/३. हळद्यालाही हेच. आणि जेपेगमध्ये नाही, रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा.

आता भिगवण. फ्लेमिंगो मऊ येतात याचा लेन्सशी संबंध कमी आणि हवेशी जास्त. उजनीचं पाणी, त्यावर तापलेली हवा, वर गार हवा, आणि तुम्ही त्यातून दोनशे मीटरवरचा पक्षी काढताय. डांबरी रस्त्यावर दुपारी लांबची गाडी लहरताना दिसते ना, तेच पाण्यावर होतं, फक्त डोळ्याला तितकं कळत नाही. हिवाळ्यात तर अगदी सकाळी पण होतं कारण पाणी कोमट आणि हवा थंड. यात १० लाखाची लेन्स लावा, फोटो मऊच येणार, उलट ६०० वर जास्तच मऊ कारण तुम्ही आणखी लांबचं ओढून आणताय. उपाय एकच, अंतर कमी करा. गाडीतून काढत असाल तर एसी किंवा हीटर बंद करून काचा खाली घेऊन दहा मिनिटं थांबा, आतली आणि बाहेरची हवा एक होऊ दे, नाहीतर खिडकीतच लहरी तयार होतात. हे मला फार उशिरा कळलं, तोपर्यंत लेन्स दोनदा सर्व्हिसला देऊन आले होते आणि दोन्ही वेळा 'लेन्स ठीक आहे मॅडम' ऐकून पैसे भरून परत.

अंतराचा हिशोब पण करूनच दाखवते. ६०० ने २० मीटरवरून जेवढा पक्षी दिसतो तेवढाच ३०० ने १० मीटरवरून दिसतो. चिमणीएवढा पक्षी १० मीटरवर असेल तर तुमच्या क्रॉप बॉडीवर ३०० ला तो फ्रेमच्या उंचीच्या साधारण पाव भाग व्यापतो. २४ मेगापिक्सेलमध्ये हे भरपूर आहे, क्रॉप करून भिंतीवर लावण्याइतकं. तर ते १० मीटर कसे मिळवायचे ते शिकायचं, आणि ते दुकानात मिळत नाही.

भिगवणला नावेत बसताना नावाड्याला आधीच सांगा, दादा, थव्यात घालू नका, लांबून वळसा घेऊन सूर्य पाठीशी येईल असं थांबवा. कुंभारगाव, डिकसळकडचे नावाडी बरेचसे मूळचे मच्छीमार, पाणी आणि पक्षी दोन्ही हाताच्या रेषांसारखं ओळखतात, पण गिऱ्हाईक 'उडवा उडवा' म्हणून मागे लागलं तर ते तरी काय करणार, त्यांचं पोट आहे. रोहितला उडायला पाण्यावरून धावत जावं लागतं, त्यात त्याची ताकद जाते आणि चरणं बंद पडतं, एका सकाळी पंधरा नावांनी पंधरा वेळा उडवलं तर तो खाणार कधी? आणि खरं सांगू का, घाबरून उडालेल्या थव्याचा फोटो नेहमी पाठमोरा येतो. शेपट्या आणि ढुंगणं. इंजिन बंद करून बांबूने ढकलत नाव स्थिर केली आणि अर्धा तास गप्प बसलं तर तेच चरत चरत जवळ येतात. नावेत ट्रायपॉड लावू नका, हलतो. कॅमेरा जितका पाण्याजवळ नेता येईल तितका न्या, काठावर कोपर टेकवून.

उडतानाचे फोटो हवेत तर शटर स्पीड १/२००० च्या खाली नेऊ नका, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) ऑटोवर सोडा, ३२०० पर्यंत जाऊ दे, आजच्या बॉडीला काही होत नाही. बसलेल्या पक्ष्याला ३०० वर हातात धरून १/५००. नीलपंखाला पकडायची एक युक्ती आहे, तो उडायच्या आधी बरेचदा पुढे झुकतो आणि शिटतो. हसू नका, ते दिसलं की शटर दाबून ठेवायचं, १/२५०० ला पंखातले दोन्ही निळे मिळतात. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) हवे असतील तर थंडीतच जा, उन्हाळा लागला की ते निघतात हिमालयापलीकडे.

लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलाय का? आजच काढा. थोडा मऊपणा तिथूनही येत असेल.

सिंहगड व्हॅलीचं गणित वेगळं, तिथे गर्द सावली. स्वर्गीय नर्तक पक्ष्याची पांढरी शेपूट आणि मागे काळोखी झाडी, कॅमेरा काळोख बघतो, फोटो उजळ करतो आणि शेपूट जाळून टाकतो. उणे १ ठेवा. उलट पाठीमागे आभाळ असलेला कोतवाल किंवा दुसरा कोणताही पक्षी असेल तर अधिक २/३ ते अधिक १. सावलीत पानांचा हिरवा उजेड पक्ष्यावर पडतो, टिकेल ब्लू फ्लायकॅचरच्या पोटावर हिरवट छटा येते, त्यासाठी व्हाईट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटो सोडून डेलाईटवर ठेवा म्हणजे सगळ्या फ्रेम एकसारख्या येतील आणि घरी एकदाच दुरुस्त करता येईल. पाण्याच्या डबक्यापाशी बसायची सोय असेल तर खाली बसा. उभं राहून काढलेला पक्षी म्हणजे वरून काढलेलं लहान मूल, डोकं मोठं आणि पाय गायब.

बसायला सांगितलं की लोकांना कंटाळा येतो, म्हणून मी नवीन लोकांना व्हॅलीत नेतच नाही. फेब्रुवारीत एक पांगारा धरा. किंवा पळस, काटेसावर, घराजवळ जे असेल ते. पानं झडलेली असतात, फुलं लालभडक, आणि मधासाठी अख्खा गाव तिथे लोटतो. आमच्या सोसायटीच्या मागे नाल्याकाठी एक पांगारा आहे, त्याच्या पूर्वेला पाण्याच्या टाकीचा जिना, मी सकाळी सव्वासातला त्या जिन्यावर बसते, ऊन माझ्या पाठीवर, फुलं डोळ्याच्या उंचीला, अंतर आठ-नऊ मीटर. आधी बुलबुल येतात आणि भांडतात. मग मैना, पोपट (हे पोपट पाकळ्या कुरतडून खाली टाकतात नुसते), कोतवाल येऊन सगळ्यांना पळवून लावतो. पळसमैना म्हणजे भोरड्या आल्या तर एकदम पन्नास, गुलाबी-काळ्या, चोची आणि कपाळ परागाने पिवळं झालेलं. आणि या गोंधळात शिंजीर. एका सकाळी नर अगदी समोरच्या फुलाला उलटा लटकला, काळा कुळकुळीत, मी शटर दाबलंच नाही, वाट बघितली, त्याने चोच बाहेर काढून माझ्याकडे तोंड केलं आणि गळ्यापासून छातीपर्यंत जांभळ्याची लाट गेली, वरून खाली, जशी साडीची घडी उलगडावी. सात फ्रेम मिळाल्या, त्यातल्या दोन चांगल्या. लेन्स ७०-३००, जुनी, झूमची रिंग ढिली झालेली.

रोज पंधरा दिवस त्याच झाडाकडे जा. पहिले चार दिवस काही मिळणार नाही, पाचव्या दिवशी कळेल की अमुक फांदीवर आधी बसतो आणि मग फुलाकडे जातो. मग तुम्ही पक्ष्यामागे धावत नाही, त्या फांदीवर फोकस लावून चहा पीत बसता.

इथे एक कडू गोष्ट सांगायचीय, कारण तुम्ही प्रश्नात शेवटी तिबोटी खंड्याबद्दल पण विचारलंय, जागा कुठे, घरटं कुठे मिळेल. जागा सांगणार नाही, तुम्हालाच नाही, कोणालाच सांगत नाही. २०११ च्या जुलैत मी रायगड जिल्ह्यातल्या एका ओढ्यावर गेले होते, ओढ्याच्या मातीच्या दरडीत त्याचं बीळ, आम्ही चौघं, बिळापासून सहा-सात मीटरवर छत्र्या उघडून उभे. इवलासा पक्षी, मुठीत मावेल एवढा, पोट पिवळं, पाठ जांभळी-निळी, चोच लाल, असं वाटतं कोणीतरी खडूपेटी उपडी केलीय. चोचीत लहानसा सरडा धरून समोरच्या वेलीवर येऊन बसला. आमचं क्लिक क्लिक सुरू. तो बसून राहिला. डोकं वर खाली करत राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, बिळात जाईना. फोटो अप्रतिम मिळाले, कारण तो जागचा हलतच नव्हता. पाऊण तासाने आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं की आपण उभे आहोत म्हणून तो आत जात नाहीये आणि आत पिल्लं उपाशी आहेत. आम्ही मागे सरलो, वळणापलीकडे गेलो, तेव्हा कुठे तो आत शिरला. तो फोटो मी कधी कुठे लावला नाही, हार्ड डिस्कवर आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात 'शिकार' शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. बंदूक लागत नाही, छत्री आणि ट्रायपॉड पुरतो. तर तिबोटी हवा असेल तर जूनच्या सुरुवातीला, तो नुकताच आलेला असतो आणि घरटं सुरू व्हायचं असतं, तेव्हा ओढ्याकाठी दूर बसून जो दिसेल तो काढा. चोचीत खाऊ घेऊन पक्षी तुमच्याकडे बघत थांबला की समजायचं आपण नको तिथे आहोत, उठायचं. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणारे पण असतात, नवरंग पक्ष्याला तर मे-जूनमध्ये वेड लावतात. नवरंग तसाही सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोन सुरांची शीळ घालून स्वतःच पत्ता सांगतो, त्याला फसवायची गरज काय?

आता तुमचा ताम्हिणीचा हिरवा. पावसात भिजलेल्या प्रत्येक पानावर आभाळाचं पांढरं प्रतिबिंब असतं, तोच तुमचा राखाडीपणा. मग तुम्ही घरी सॅचुरेशन (रंगाचा भडकपणा) ओढता आणि ते होतं प्लास्टिक. पोलरायझर फिल्टर घ्या, चांगल्या कंपनीचा, आणि पैसे घालवायचेच असतील तर यावर्षी यावर घालवा. रिंग फिरवत जा, एका जागी पानांवरची चमक पुसली जाते आणि खालचा खरा हिरवा वर येतो, शेवाळाचा वेगळा, कारवीचा वेगळा, भाताच्या खाचरांचा वेगळा. डोळ्यादेखत होतं, पहिल्यांदा केलं तेव्हा मी रिंग मागे पुढे करत बसले होते लहान मुलीसारखी. धबधब्याच्या ओल्या दगडांना पण हाच. मात्र त्याने दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), त्यामुळे पक्षी काढताना आठवणीने काढून खिशात ठेवा, मी दोनदा विसरले आहे. आणि निळं आभाळ असेल तर वाईड लेन्सवर जपून, एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिकट असं डागाळलेलं येतं.

धुकं असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, अधिक २/३ ते अधिक १ द्या. पण धुक्यात 'सगळा व्ह्यू' घेऊ नका, काहीच दिसत नाही. जवळचं एक काहीतरी पकडा, एखादं वाकडं झाड, एक म्हैस, घाटातला किलोमीटरचा दगड, आणि मागे धुकं. धबधब्याला १/४ ते १ सेकंद बास, लोक तीस सेकंद लावतात आणि पाण्याचा कापूस होतो, आवडत असेल तर करा बापडे. अॅपर्चर एफ ८ ते ११ वर काम भागतं, २२ ला नेलं की फोटो उलट मऊ होतो.

कासला तुमचा फोटो सपाट येतो कारण तुम्ही उभ्याने काढलाय. २०१२ ला ते जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून गर्दी इतकी की कडेकडेने चालत काढावं लागतं, आणि तेच बरोबर आहे, फुलं तुडवून आत जाणाऱ्यांना मी तिथेच ओरडते. बुकिंग करूनच जा, सप्टेंबरातला मधला वार. वाटेच्या काठावरच गुडघ्यावर बसा, १८ ला लेन्स, कॅमेरा फुलांच्या उंचीला, जवळची फुलं अर्ध्या-पाऊण मीटरवर. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा यांचे पट्टे मागे जाताना दिसतात आणि वर ढग. दहा मिनिटं थांबलं की ढगातून उजेडाचा एक तुकडा पठारावरून सरकत येतो, तो तुमच्या फुलांवर आला की घ्यायचा. गेला की परत वाट बघायची. एवढंच आहे ते.

डोंगरांना पण तोच सूर्याचा प्रश्न लावा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, सकाळी त्याची भिंत सावलीत, काळीठिक्कर, आणि लोक सकाळी काढून म्हणतात जमला नाही. संध्याकाळी ऊन समोरून येतं आणि बेसॉल्टचे थर न् थर मोजता येतात. सकाळी तिथे वेगळी चीज आहे, सूर्य पाठीमागे पूर्वेला, खाली दरीत ढग भरलेले, आणि नशीब असेल तर ढगावर तुमचीच सावली आणि भोवती गोल इंद्रधनुष्य, इंद्रवज्र म्हणतात त्याला, कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने बघितल्याची जुनी नोंद आहे. मी चार वेळा गेले त्यासाठी, एकदा दिसलं, आणि तेव्हा लेन्सवर धुक्याचं पाणी. पुसेपर्यंत संपलं.

तुमच्या ७०-३०० चा अजून एक उपयोग सांगते जो ६०० ने होत नाही, पक्षी लहान ठेवून जागा दाखवणं. चित्रबलाक एका कोपऱ्यात आणि उजनीत बुडालेलं वठलेलं झाड आणि धुकट सकाळ. नुसता पक्ष्याचा चेहरा हजारजणांकडे आहे. १०० ते २०० मध्ये हे फोटो मिळतात आणि तुमच्या दोन्ही आवडी, पक्षी आणि लँडस्केप, एकाच फ्रेममध्ये बसतात.

एडिटिंगवर फार लिहीत नाही. सॅचुरेशनला हात लावू नका, फक्त त्या एका रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा खाली घ्या, निळा लगेच दाट होतो. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो बघून स्वतःला नावं ठेवू नका, ते फोटोचा चुरा करतं.

पुढच्या दिवाळीपर्यंत पांगारा, एक भिगवण, एक कोकणकडा आणि दहा-बारा व्हॅलीच्या फेऱ्या झाल्या आणि तरी वाटलं की लांबचा पक्षी कमी पडतोय, तर १५०-६०० किंवा २००-६०० घ्या, पण आधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणून खांद्याला लावून बघा, दोन किलोच्या आसपास वजन असतं आणि सिंहगड पायथ्याच्या चढावर ते चार किलो वाटतं. गाडीच्या खिडकीवर ठेवायला विकतची बीनबॅग नको, जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून ज्वारी भरा.

आणि पावसाळ्यानंतर लेन्स बॅगेतच ठेवली असेल तर आत्ता काढून उजेडासमोर धरून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. माझी पहिली लेन्स कोकणातल्या एका जुलैने खाल्ली, दुरुस्ती करणाऱ्याने साफ करून दिली आणि आत स्वतःच्या बोटाचा ठसा सोडला. हवाबंद डबा घ्या, सिलिका जेलची पुडी, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. घरचे म्हणतील डब्यात तांदूळ घाल, घालू नका, त्याची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते.